नव्या पाण्यातलं रोप

दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत हौसेनं नवं रोप लावलं, आणि आठवड्याभरात त्याची पानं सडून गळाली. वैतागून ते उपटायला निघाले, तर तक्रारीसाठी लावलेल्या फोनवर रोप विकणारा दुकानदार ओरडलाच, "अहो, हात लावू नका! नव्या पाण्यात ते आधी जुनी पानं टाकतं, मग रुजतं. जरा दम धरा."

डॉक्टरांनी दीड महिना दम धरला. आज कोवळे हिरवे कोंब बघून, रिसेप्शनची रिकामी खुर्ची पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "धीर असावा तर आमच्या डॉक्टरांसारखा!"

डॉक्टरांना मान वर करवेना. त्याच खुर्चीतल्या नव्या ताईंनी दोन पेशंटना एकच वेळ दिली, तेव्हा त्यांच्या कामाच्या आठव्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "उद्यापासून येऊ नका."