गोकुळच्या नावाची हजेरी

भगवानरावांच्या हिशेबात सगळा नफाच होता. पोराच्या हाताला ग्रीस लागणार नव्हतं, शाळेचे मार्क मात्र पुरे पडणार होते आणि डॉक्टरकीची वाटही अडणार नव्हती.

अकरावीच्या पोरांनी आठवड्यातून तीन दुपारी प्रत्यक्ष काम शिकायचं, असं शाळेनं ठरवलं. गोकुळच्या वाट्याला मलकापुरातलं ट्रॅक्टर वर्कशॉप आलं. नेमका त्याच तीन दुपारी मलकापुरातच त्याचा डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास.

"पाने फिरवाले का मी पोरगा वाढवला?" भगवानराव म्हणाले आणि त्यांनी सालदार दयारामला हाक मारली. दयारामचा धम्मदीप गोकुळच्याच वर्गात होता. "तुह्या पोराले गोकुळच्या नावानं वर्कशॉपात धाड. त्यानं माह्या शेतात काम केलं, असं मी शाळेले लिहून देतो."

"मालक, पोरगा हुशार आहे माहा."

"मंग तं पाने लवकर ओळखन!"

दयाराम गोठ्याकडे वळला. क्लासची फी भगवानरावांनी फोनवरूनच टाकली. नाव नोंदवायला गोकुळ एकटा गेला. दोघं पोरं एकाच एसटीनं जाऊ-येऊ लागली.

भगवानरावांची वर्षभर करमणूक झाली. वर्कशॉपचा मिस्त्री फोन करायचा, "साहेब, तुमचा गोकुळ लय कामाचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगते." फोन ठेवून भगवानराव पोट धरून हसत. "बाप राबते, पोरगाबी राबन. त्यात काय नवल?"

क्लासच्या सरांचा फोन आला की मात्र ते खुर्चीत ताठ बसत. "गोकुळ परत पहिला," सर सांगत. "रक्त बोलते, सर," भगवानराव म्हणत.

गोकुळची आई वच्छलाबाई तेवढ्या मोरीत पोराचा शर्ट घासत असायच्या. "क्लासात एवढा कायचा मळ लागते बे?" भगवानरावांनी एकदा गोकुळला विचारलं. उत्तर वच्छलाबाईंनीच दिलं, "एसटी काय तुमच्या जीपसारखी राह्यते का?"

मार्चमध्ये क्लासनं पहिल्या आलेल्या पोराचा सत्कार ठेवला. पास दोनच, आईबापाचे. "मी पुढं जातो," म्हणून गोकुळ सकाळीच निघाला. भगवानरावांनी मनगटाएवढा जाड हार घेतला आणि शेजारी बसलेल्या एका पालकाला सबंध हॉलला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं, "काही पोरं डोक्याची राह्यतात, काही हाताची. बापाले पारख पाह्यजे."

सरांनी माईकवर गोकुळचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. कडक इस्त्रीच्या शर्टात धम्मदीप स्टेजवर चढला.

भगवानराव ताडकन उठले.

"या, या! गोकुळचे बाबा," सर म्हणाले. "हाच ना तुमचा हिरा?"

भगवानरावांनी हॉलभर नजर फिरवली, मग वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत होत्या.

"जा ना आता," त्या हळूच म्हणाल्या. "लोक पाहून राह्यले. अन् गोकुळले काऊन शोधता? त्याले आज वर्कशॉपातून सुट्टी नाही भेटली."

भगवानराव स्टेजवर गेले. फी त्यांची होती, हार त्यांचा होता, आणि माईकसमोर "हाव, माहाच पोरगा" हेही शेवटी त्यांनाच म्हणावं लागलं.