फ्यूज कुणाकडे

आधी प्लग काढायचा. मग प्लगच्या आत बसवलेला छोटा फ्यूज. आणि तो फ्यूज काम करणाऱ्याने जवळ ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा, म्हणजे हात आत असताना चुकूनही वीज चालू होत नाही.

खाणीतली ही शिस्त एम्लिनने निवृत्तीनंतर घरातही पाळली. हिवाळ्याआधी तो विजेची शेकोटी उघडायचा, धूळ झटकायचा, प्लास्टिकचे कोळसे पुसायचा. त्याची बायको नेस्टा मागे खुर्चीत फ्यूज मुठीत धरून बसायची.

"फ्यूज तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे रे बाबा!"

यंदा एम्लिन नाही.

"आण इकडे, मी धरते," कुंपणापलीकडून शेजारीण बेटी म्हणाली. "एकटी काय करशील?"

"तू गप्पांच्या नादात चहात टाकशील तो," नेस्टा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. काम करताना आपल्या पाठीशी त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं तिला सोसलं नसतं.

प्लग जमिनीवर होता. फ्यूज तिने रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि दोन्ही हात शेकोटीत घातले. ज्वाळांचा भास करणारा जुना दिवा काढला, नवा बसवला. घर इतकं गप्प होतं की ब्रशचा आवाजही मोठा वाटत होता. सवयीने, या वेळी तिच्याच तोंडून निघालं,

"फ्यूज तुझ्याकडेच आहे ना?"

मग तिने मान वळवली. खुर्चीवर फ्यूज नव्हता.

जमिनीवर प्लगही नव्हता.

हात बाहेर काढायला हवे होते. शेकोटीचं भिंतीवरचं बटण खट्कन वाजलं, तरी नेस्टाने हात तसेच आत ठेवले, आणि हळूच विचारलं,

"आहे ना रे?"