कपभर मैदा

"एकशे बावन्न ग्रॅम," रुचिताने वजनकाट्यावरचा आकडा वाचून वहीत उतरवला. "आई, पिछले इतवार एकशे पस्तीस था. कप तोच, मैदा तोच, मग वजन काहून बदलून राहिलं?"

"मैद्याचं असंच असते," कलावती म्हणाली आणि मनातल्या मनात हसली.

मैद्याचं असं काहीही नसतं. कप भरताना कलावतीचा अंगठा हळूच मैदा दाबायचा, कधी थोडा, कधी चांगलाच. सून वहीत तारीख घालायला वाकली की तेवढ्यात काम फत्ते.

कलावतीचा केक अख्ख्या बूढ़ापारा मोहल्ल्याला माहीत होता, आणि तिचं माप म्हणजे कान तुटलेला एक जुना चहाचा कप. मुलगा प्रशिक शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यात लागला, नवराबायको तिकडेच राहायला गेली, तेव्हा रुचिताने हा केक शिकायचं मनावर घेतलं. नेटवरच्या तक्त्यात कपाचे ग्रॅम दिलेले होते, पण त्यात हा कप कुठून असणार? म्हणून दर रविवारी ती काटा पिशवीत घालून स्कूटीवर यायची, कपातला मैदा तोलायची आणि आकडा घरी न्यायची. पुढच्या रविवारी येऊन सांगायची, केक पुन्हा विटेसारखा झाला.

असे सात रविवार गेले. दोघी मिळून केक करायच्या, चहा घ्यायच्या, प्रशिकच्या आळशीपणावर तोंडसुख घ्यायच्या. कलावतीचा सगळा आठवडा त्या एका दुपारच्या भरवशावर निघायचा. पहिल्याच दिवशी रुचिता म्हणाली होती, की एकदा वजन नक्की झालं की तुम्हाला दर रविवारी त्रास देणार नाही. म्हणे त्रास! तेव्हापासून कलावतीचा अंगठा कामाला लागला होता.

आठव्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. रुचिता आली ती तोंड लालबुंद, भुवयांवर ट्रकांची धूळ. माठातलं पाणी ती उभ्याउभ्याच घटाघटा प्यायली. कलावतीला स्वतःची फार लाज वाटली. आपल्या एका दुपारीपायी पोरीला किती पळवायचं?

आज तिने मैदा चाळला, चमच्याने अलगद कपात सोडला आणि सुरीच्या पाठीने वरून सपाट केला. अंगठा पदरातच ठेवला.

"आज एकदम बरोबर भरला. हेच वजन लिहून घे, पोट्टी. आता तुया केक बिघडणार नाही."

"पक्का?"

"हव. मंग उन्हातान्हात इकडं धावायचं कामच नाही तुले."

एवढं बोलून कलावती अंडी आणायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेली. अंडी दोन आणायची की तीन, हे विचारायला ती दारातूनच मागे वळली.

वही मिटलेली होती. रुचिता कपातला मैदा अंगठ्याने दाबून दाबून बसवत होती. मग तिने वरून आणखी एक चमचा घातला, तोही दाबला आणि कप काट्यावर ठेवला.