मागच्या पंधरवड्यातला त्रास

डॉक्टरने प्रश्नांचे कागद पुढे ओढले तेव्हा सगुणाच्या जिवात जीव आला. मागच्या खेपेलाच तो म्हणाला होता की मावशी, पंधरवड्यात काय जमलं, काय नाही, किती धाप लागली ते सगळं विचारणार आणि प्रत्येक त्रासाला आकडा देणार. आकडा मोठा आला तर मासळीची पाटी बंद, हे तुमच्या मालकांना मीच सांगेन. म्हणून तर तिने नवऱ्याला, दामाजीला, कोलशेतहून ठाण्याच्या या दवाखान्यात ओढून आणलं होतं. खाडीची मासळी आटून दामाजी घरी बसल्यापासून घर तिने विकत आणलेल्या मासळीच्या पाटीवरच चाललं होतं, मग पाटी सोडते म्हटलं तर घरात तिचं ऐकतो कोण? सुजलेलं तोंड बघून शेजारणी म्हणायच्या, सगुणाने बाळसं धरलंय. हृदय थकलंय म्हणून अंगात पाणी साठतंय, हे सांगायला डॉक्टरचंच तोंड हवं होतं.

पहिला प्रश्न चालण्याचा. सगुणाने श्वास ओढला. अख्खं वाक्य बोलायचं तर आता तेवढी तयारी लागतेच. तेवढ्यात दामाजीने सांगून टाकलं की ती रोज बाजारात जाते, डोक्यावर पाटी घेऊन. वाटेत ती कितीदा भिंतीला टेकते ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तो तेव्हा घरी घोरत असे. जिन्याचं विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे जिनाच नाही. घरकामाचं विचारलं तर म्हणाला, सगळं होतं. होत होतंच, कुणाच्या जिवावर ते विचारू नका. डॉक्टर पोरगा भला, पण बाहेर ही रांग लागलेली. उत्तर मिळालं की झालं, ते दिलं कुणी हे बघायला त्याला सवड कुठली?

मग झोपेचा प्रश्न आला. आडवं झालं की तिच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होई. कितीतरी रात्री ती वळकटीला पाठ टेकून बसल्या बसल्या काढत होती. हे तरी सांगायचंच, म्हणून तिने हात वर केला.

"झोपंचं काय विचारता, डाक्टर," दामाजी कौतुकाने म्हणाला. "मी कवा पन उठू दे, ही माझ्या आदी उठून बसलेली. आलस म्हनून नाय."

डॉक्टरने मान डोलावली. सगुणाला असा संताप आला की जमवलेला श्वासही त्यातच गेला. एवढी वर्षं एका छपराखाली काढली मेल्याने, आणि बायको का बसून आहे हे एकदाही विचारलं नाही.

शेवटचा प्रश्न वाचताना डॉक्टर जरा अडखळला.

"मावशी, आपलं घरच्यांना ओझं झालंय, असं वाटतं का?"

दामाजी पहिल्यांदाच गप्प बसला. त्याने टोपी काढली, मांडीवर झटकली आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. सगुणा वाट बघत होती. श्वास जमवायला आता तिला हवा तेवढा वेळ होता, आणि तो सगळा तिने त्याच्या तोंडाकडे बघण्यात घालवला. छे, असं कसं, एवढंच त्याने म्हणायचं होतं. त्याला ना धाप, ना सूज. तरी तो बोलला नाही.

डॉक्टरच्या तोंडून पाटी बंद करवायचं इतके दिवस मनात धरलेलं, ते सगळं तिने तिथेच सोडून दिलं. पाटी उतरवल्यावर त्या घरात आपली जागा काय असेल, ते तिला लख्ख दिसलं.

"अजून पाटी उचलतेय ना मी," ती थांबत थांबत म्हणाली. "ज्या दिसी खाली ठेवीन... त्या दिसी यांनाच विचारा."

"म्हणजे नाही," डॉक्टर हसून म्हणाला, आणि त्याने शून्य मांडलं.