मांजराची वाट

पाहुणा हात धुवायला उठला आणि कुणी काही सांगायच्या आत बरोबर मोरीकडे वळला. स्वयंपाकघर ओलांडून डावीकडे, मग एक पायरी खाली. परक्या माणसाला ती पायरी दिसत नाही. आजवर घरी आलेला प्रत्येक जण तिथे ठेचकाळला होता. हा नाही.

वहिनींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

धाकट्या दिराला यातलं काहीच जाणवलं नाही. पाहुण्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं त्याला झालं होतं. कंपनीने तीस वर्षांपूर्वी बंद केलेल्या, टीव्हीला जोडायच्या एका व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी ही दीर-भावजय हौसेने नवे खेळ बनवायची. खेळ वहिनी रचायच्या. दीर घड्याळं दुरुस्त करणारा. तो जुन्या कॅसेटींची पोटं उघडून आत नवी चिप बसवायचा आणि पार्सलं करून पाठवायचा. साठ कॅसेटी साठ घरी गेल्या होत्या, पण खेळणारा हाडामांसाचा माणूस आज पहिल्यांदाच दारात उभा राहिला होता. कॅसेट चालत नाही, म्हणून चार तासांचा प्रवास करून आलो, असं तो म्हणाला होता.

दिराने भिंगाखाली धरून सगळे सांधे तपासले. कॅसेट टीव्हीला लावूनही पाहिली. अगदी ठणठणीत होती. तसं त्याने हसत सांगितलं. परत येऊन बसलेल्या पाहुण्याने नुसती मान हलवली. जणू त्याला ते आधीच ठाऊक होतं.

पडद्यावर मांजर मागच्या दारातून आत शिरलं. खेळ साधाच होता, लेकीच्या हट्टाखातर केलेला. घरात कुणालाही न उठवता मांजराने झोपलेल्या मुलीच्या उशाशी जाऊन बसायचं. आता घर कुठलं दाखवायचं? वहिनींचा निम्मा जन्म बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेलेला. त्यांनी फुटपट्टी घेतली आणि स्वतःचंच घर इंच न् इंच मोजून उतरवलं. त्या वेळी त्याचं त्यांना कौतुकच वाटलं होतं.

तेवढ्यात लेक खोडरबर मागायला बाहेर आली. पाहुण्याने चटकन मान खाली घातली आणि ती आत जाईपर्यंत वर केली नाही. मग हळू आवाजात त्याने विचारलं,

"ताई, हिचा पलंग अजून खिडकीखालीच आहे ना?"

दिराचं हसू मावळलं. वहिनी उठल्या आणि लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला काय करायचंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. दिराने पाहुण्याला सरळ उठायला सांगितलं.

तो उठला, पण गेला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने तळहात पुसले. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, मला दोन मुली आहेत, असं काहीबाही सांगत राहिला. मग मुद्द्यावर आला. कॅसेट घेतलेल्यांपैकी वीसेक जणांचा फोनवर एक ग्रुप होता. मागच्या दारापासून उशीपर्यंत कोण किती सेकंदांत पोचतं, ते तिथे एकमेकांना कळवायचे. गंमत म्हणून. त्याचे स्वतःचे चौदा होते. एकाचे अकरा. त्या एकाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

"पार्सलावर तुमचा पत्ता असतो," तो दिराला म्हणाला. "सगळ्यांच्याच."

दीर खुर्चीवर बसला. पडद्यावरचं मांजर कुणी हलवत नव्हतं म्हणून दाराशी तसंच थांबलं होतं.

पाहुणा पुढे सांगू लागला. परवा त्या अकरा सेकंदवाल्याने ग्रुपवर लिहिलं होतं की खेळात एक चूक आहे, बनवणाऱ्यांनी ती सुधारायला हवी. मुलीचा पलंग खिडकीखाली नाही, कपाटाच्या बाजूला आहे. इतरांनी त्याची टर उडवली. याला मात्र त्या रात्री झोप आली नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कॅसेटचं निमित्त करून तो आला होता.

"तो थापा मारत असेल, ताई. एवढं सांगा, मी निघतो. पलंग खिडकीखालीच आहे ना?"

वहिनींनी दिराकडे पाहिलं. आतून लेकीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. पलंग दोघांनी मिळूनच सरकवला होता, गेल्या मंगळवारी. खिडकीतून गार वारा येतो म्हणून.