लोंबकळतं दार

तू गेलास आणि पंधरवड्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं लोंबकळतं दार नीट झालं. मग खिडकी, मग स्टूल. तुझी बहीण घाबरली. “वहिनी, घरात कुणीतरी शिरतंय. कुलूप बदल.” “चोर कधी बिजागरी बसवून जातो का गं?” म्हणत मी स्क्रू काढला. सैल भोकात आगकाडीचा तुकडा होता, दातांनी तोडलेला. असं करणारा सुतार एकच. माझं डोकंच फिरलं. जन्मभर जगाची दारं बसवलीस, घरचं काढलं की म्हणे उद्या. मेल्यावर बरी सवड सापडली? “दादाचा जीव अडकलाय,” ती हळूच म्हणाली. “राहिलेली कामं उरकली, की सुटेल बिचारा.” मी घरभर पाहिलं. डुगडुगता पलंग तेवढा उरला होता. स्क्रूड्रायव्हर ठेवला, तुझी हातोडी घेतली आणि कपाटाचं दार बिजागरीसकट उखडलं. नंतर खिडकीकडे वळले. मला टाकून सुटतोस कसा, तेच बघते.