गाठीतले दात

कापड विणताना लूमचा धोटा तोंडावर उडून अनंताचे पुढचे दोन दात पडले होते. निजामपुऱ्यातला दातांचा डॉक्टर त्या जागी कायमचे पक्के दात बसवणार होता. दात तयार झाले आणि त्याच दिवशी अनंता तापाने गेला. डॉक्टरने ते दात त्याच्या बायकोच्या, काशीच्या हातावर ठेवले.

काशी रोज संध्याकाळी चुलीशेजारी त्याचं पान मांडायची. सकाळी भाकरीला एक चावा दिसायचा आणि चाव्याच्या मधोमध दोन दातांएवढा तुकडा तसाच उरलेला असायचा.

सासूने, ठमाबाईने ते पाहिलं. "त्याचा जीव दातांत गुतलाय गो. ठेव ते पानावर, म्हंजे सुटंल माझा पोर."

"न्हाय ठेवणार," काशी म्हणाली. "सुटला तर मंग परत येल का तो?"

तिने दात पदरात बांधले, वर दुसरी गाठ मारली आणि पदर मुठीत धरून झोपली.

सकाळी भाकरीला चावा होता. गोल, सलग, मधे काहीच न उरलेला.

काशीने मूठ उघडली. दोन्ही गाठी तशाच घट्ट होत्या. तिने आपल्या दातांनी त्या गाठी सोडवल्या.

आत दात नव्हते. चावलेल्या भाकरीचा एक घास होता, अजून ओला.